झॅप, टीप आणि पाळत: विकेंद्रित समाजमाध्यमांवरील क्रिप्टो देवघेवीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, अंबाजोगाई, परभणी आणि जालना येथे झालेल्या छोट्या बैठकांमध्ये मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. विचारणाऱ्यांमध्ये नीटची तयारी करणारे विद्यार्थी होते, सोयाबीन आणि मोसंबीवर व्हिडिओ करणारे शेतकरी होते, टोपणनावाने कविता टाकणाऱ्या मुली होत्या आणि आपल्या अशिलांना काय सांगावे या विवंचनेत असलेले दोन सीएही होते. प्रश्न वरवर तंत्राचे दिसतात, पण बहुतेकांच्या मुळाशी एकच काळजी असते: आपल्याला किती पैसे आले आणि ते पुढे कुठे गेले, हे नेमके कोणाकोणाला दिसते?

विकेंद्रित समाजमाध्यम म्हणजे काय, आणि त्यात पैशाचा संबंध कुठे येतो?

ज्या माध्यमाचा सारा कारभार एकाच कंपनीच्या हाती नसतो, त्याला विकेंद्रित माध्यम म्हणतात. २०१६ मध्ये आलेल्या मॅस्टोडॉनमध्ये अनेक स्वतंत्र सर्व्हर एका सामायिक पद्धतीने एकमेकांशी जोडलेले असतात, मात्र पैसे पाठवण्याची सोय त्यात अंगभूत नाही. नॉस्टरची गोष्ट वेगळी आहे. फियाटजाफ या टोपणनावाने काम करणाऱ्या विकसकाने २०२० मध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत खाते म्हणजे दोन किल्ल्यांची जोडी असते. ‘एनपब’ने सुरू होणारी सार्वजनिक किल्ली ही तुमची ओळख आणि ‘एनसेक’ने सुरू होणारी खासगी किल्ली ही तुमची सही. पोस्ट रिले नावाच्या सर्व्हरांवर साठवल्या जातात आणि पोस्ट आवडली तर वाचक बिटकॉइनचे अगदी लहान भाग, म्हणजे सॅट, पाठवतात. एका बिटकॉइनचे १० कोटी सॅट होतात. या भेटीला झॅप म्हणतात. फारकास्टर आणि लेन्स यांमध्ये वापरकर्त्याची ओळखच इथेरियम या क्रिप्टो-व्यवस्थेच्या परिवारातील साखळ्यांवर, म्हणजे ब्लॉकचेन नावाच्या सामायिक खातेवह्यांवर, नोंदवलेली असते, तर मार्च २०२० मध्ये स्टीमपासून वेगळ्या झालेल्या हाइव्हवर लेखन आणि पैसा दोन्ही एकाच साखळीवर चालतात.

बिटकॉइनमध्ये नाव-गाव काहीच नसते. मग पाळत ठेवणार कोणावर?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तर सातबाऱ्यावरून सांगितले की लगेच पटते. महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक टाकून कोणीही उतारा पाहू शकतो. आता अशी कल्पना करा की त्या उताऱ्यांवरून सर्व नावे पुसून टाकली आहेत, पण गट क्रमांक, क्षेत्र, बोजा आणि प्रत्येक फेरफार जसाच्या तसा ठेवला आहे. परक्या माणसाला त्यातून काही उमगणार नाही. गावातल्या माणसाला मात्र गट क्रमांक २१४ म्हटले की विहिरीजवळचा तो तुकडा आणि त्याचा मालक डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि एकदा मालक कळला की त्याच्यावर सोसायटीचे कर्ज किती आहे हेही त्याच कागदावर वाचता येते.

बिटकॉइनची खातेवही अशीच आहे. ३ जानेवारी २००९ रोजीच्या पहिल्या ब्लॉकपासूनचा प्रत्येक व्यवहार तिच्यात आहे आणि ती जगातील कोणालाही फुकट वाचता येते. पत्त्यामागचा माणूस शोधण्याच्या रीतीही जुन्या आणि साध्या आहेत. एकाच व्यवहारात अनेक पत्त्यांवरची शिल्लक एकत्र करून पैसे दिले गेले, तर ते पत्ते बहुधा एकाच मालकाचे असतात; पैसे देऊन उरलेली ‘मोड’ ज्या नव्या पत्त्यावर परत येते, तोही बहुधा त्याचाच असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०१३ मध्ये याच रीतींनी पत्त्यांचे गट पाडले, स्वतः निरनिराळ्या सेवांशी छोटे छोटे व्यवहार केले आणि त्यावरून कोणता गट कोणाचा हे ओळखून दाखवले. त्यांना पत्त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावण्यासाठी कष्ट घ्यावे लागले. समाजमाध्यमावर मात्र आपण ती चिठ्ठी आपल्या हाताने, छायाचित्रासह आणि गावाच्या नावासह लावून देतो. माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म एवढेच आहे. गूढलेखन फोडण्याची गरज कोणाला पडतच नाही.

खातेवही काही विसरत नाही, हेही लक्षात घ्यावे. ऑगस्ट २०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजारातून, चोरलेले बिटकॉइन अनेक वळणे घेऊन फिरत राहिले आणि तरीही फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे साडेपाच वर्षांनी, अमेरिकी तपास यंत्रणांनी त्यांतले सुमारे ९४,००० बिटकॉइन हस्तगत केले. चोर पकडला गेला हे चांगलेच झाले, पण जी खातेवही चोराचा माग देते, तीच तुमचाही देते.

झॅप केल्यावर नेमके काय उघड होते?

अंबाजोगाईच्या बैठकीत ऊस लागवडीवर लिहिणाऱ्या एका तरुणाच्या परवानगीने, त्याच्या पोस्टवर आलेल्या २१ सॅटच्या एका झॅपची पावती आम्ही पडद्यावर उघडून पाहिली. ॲपमध्ये तेथे फक्त विजेची खूण आणि २१ हा आकडा दिसतो. मूळ नोंद उघडल्यावर मात्र बरेच काही दिसते. नोंदीचा प्रकार ९७३५ असतो, म्हणजे झॅपची पावती. ‘पी’ या खुणेपुढे घेणाऱ्याची सार्वजनिक किल्ली असते, ‘ई’पुढे पोस्टचा क्रमांक असतो, ‘बोल्ट११’पुढे लाइटनिंगचे, म्हणजे बिटकॉइनच्या लहान व्यवहारांसाठीच्या जाळ्याचे, लांबलचक बिल असते आणि ‘डिस्क्रिप्शन’पुढे पाठवणाऱ्याची मूळ विनंती, म्हणजे ९७३४ प्रकारची नोंद, अख्खीच्या अख्खी उतरवलेली असते. त्या विनंतीत पाठवणाऱ्याची किल्ली होती, २१००० मिलीसॅट, म्हणजे २१ सॅट, ही रक्कम होती आणि संदेश होता: ‘दादा, खोडव्याला पाणी कितव्या दिवशी द्यायचं तेही सांगा.’ वेळ रात्री १० वाजून ४० मिनिटांची होती.

ही पावती ज्या रिलेंवर आहे, त्यांतल्या बहुतेकांवरून हे सगळे कोणालाही, खाते न उघडता, मागवता येते. एका पावतीने फारसे बिघडत नाही, परंतु त्याच किल्लीच्या वर्षभराच्या पावत्या एकत्र केल्या तर तो माणूस ऊस करतो, रात्री मोबाइल पाहतो, अमुक राजकीय लेखनाला नेमाने पैसे देतो आणि अमुक महिन्यापासून ते थांबवतो, एवढे सहज वाचता येते. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याची महिन्याची झॅपची जमा बेरीज करून काढता येते. आडतीवर ज्याची त्याची हिशोबपट्टी ज्याच्या त्याच्या हातात दिली जाते. इथे ती फळ्यावर लावलेली असते.

काही ॲपमध्ये अनामिक झॅपची सोय असते. त्यात विनंतीवर तुमच्या नेहमीच्या किल्लीऐवजी एकदाच वापरायच्या किल्लीने सही होते, त्यामुळे पाठवणारा झाकला जातो. घेणाऱ्याची बेरीज तरीही उघडीच राहते. आणखी एक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही: ही पावती घेणाऱ्याच्या वॉलेटचा, म्हणजे पैसे ठेवण्याच्या ॲपचा, सर्व्हर तयार करतो आणि ती पैसे पोहोचल्याचा पक्का पुरावा नसते, असे झॅपच्या नियमावलीतच म्हटले आहे. म्हणून पावत्यांच्या बेरजेवरून कोणाच्या उत्पन्नाबद्दल छातीठोक बोलू नये.

लाइटनिंगवरचे व्यवहार तर खातेवहीत जातच नाहीत, मग ते खासगी नव्हेत का?

अर्धे खरे आहे. लाइटनिंगमध्ये दोन पक्षांमधील वाहिनी उघडताना आणि बंद करताना मुख्य खातेवहीत नोंद होते. मधले शेकडो व्यवहार तिच्यात जात नाहीत. पैसे अनेक मुक्कामांतून, म्हणजे मधल्या संगणकांतून, जातात आणि मधल्या मुक्कामाला फक्त आपल्या अलीकडचा आणि पलीकडचा मुक्काम कळतो, पैसे मुळात कोणाकडून निघाले आणि अखेर कोणाकडे चालले आहेत हे कळत नाही. तथापि आजच्या प्रचलित पद्धतीत एका व्यवहाराची खूण साऱ्या मार्गावर एकच असते, त्यामुळे एकाच मालकाचे दोन मुक्काम त्या मार्गात असतील, तर त्याला ताळा लावता येतो.

आपल्याकडच्या बहुतेकांच्या बाबतीत मात्र धोका इतका बारीक नसतो. त्यांचे लाइटनिंग वॉलेट एखाद्या कंपनीने सांभाळलेले असते. मोबाइलमध्ये दिसणारी शिल्लक ही प्रत्यक्षात त्या कंपनीच्या वहीतली ओळ असते आणि कोणी, कोणाला, किती, कोणत्या संदेशासह पाठवले ते सर्व कंपनीला दिसते. ईमेलसारखा दिसणारा लाइटनिंग पत्ता प्रोफाइलवर लावला असेल, तर पैसे पाठवणाऱ्याचे वॉलेट त्या पत्त्याच्या सर्व्हरकडे बिल मागायला जाते, आणि व्हीपीएन किंवा टॉर यांसारखे ओळख झाकणारे साधन नसेल तर त्या वेळी त्याचा आयपी पत्ताही (इंटरनेटवरील जोडणीचा क्रमांक) तेथे नोंदला जाऊ शकतो. स्वतःचा नोड, म्हणजे या जाळ्यातला स्वतःचा संगणक, चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी असली, तरी बोल्ट११ प्रकारच्या बिलात सामान्यतः घेणाऱ्या नोडची किल्ली असते आणि त्या नोडच्या जाहीर वाहिन्या कोणत्या व्यवहाराने उघडल्या हे मुख्य खातेवहीत दिसते. दोर परत तिथेच येऊन पोहोचतो.

फारकास्टर किंवा हाइव्हवर परिस्थिती बरी आहे का?

नाही, खासगीपणाच्या दृष्टीने ती अधिक उघडी आहे. हाइव्हवर खात्याचे नावच पत्ता असते, त्यामुळे कोणाही लेखकाच्या वॉलेटच्या पानावर त्याची शिल्लक आणि आलेले-गेलेले पैसे कोणालाही वाचता येतात. सोबतचा संदेश उघडाच असतो. तो गूढ करायचा असेल तर त्याची सुरुवात हॅशच्या (#) खुणेने करावी लागते. फारकास्टरवर खात्याशी जोडून पडताळलेले इथेरियमचे पत्ते जाहीर असतात आणि इथेरियममध्ये माणूस एकच पत्ता वर्षानुवर्षे वापरतो, म्हणून त्या एका पत्त्यावरून टोकन, कर्ज, खरेदी आणि देणग्या सर्व एका दमात दिसतात.

येथे होणारी सर्वांत सामान्य चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ती नीट सांगतो. टीप, म्हणजे वाचकांकडून मिळणारी बक्षिसी, घेण्यासाठी मी वेगळे वॉलेट उघडले आणि जुन्या वॉलेटशी त्याचा काही संबंध ठेवायचा नाही असे ठरवले. इथेरियममध्ये कोणताही व्यवहार करायला गॅस म्हणून थोडे इथर लागते आणि नव्या पत्त्यावर ते नव्हते. घाईत मी जुन्या वॉलेटमधून सुमारे ३०० रुपयांचे इथर पाठवले. त्या एका ओळीने दोन्ही पत्ते कायमचे जोडले गेले, आणि जुन्या पत्त्यावर एक्स्चेंजमधून पैसे आलेले असल्यामुळे पॅनपासून टीपपर्यंतची साखळी पूर्ण झाली. पुढे कितीही काळजी घेतली तरी ती ओळ काही खोडता येत नाही.

ही पाळत ठेवते तरी कोण? सरकारला आमच्या २१ सॅटमध्ये काय रस?

सरकारी यंत्रणा आहेत, आणि त्यांना माहितीचा गठ्ठा पुरवणाऱ्या खातेवही-विश्लेषणाच्या कंपन्याही आहेत. चेनॅलिसिस ही त्यांतली मोठी कंपनी २०१४ मध्ये स्थापन झाली. राजकीय देणग्यांवरची पाळत ही तर घडून गेलेली गोष्ट आहे: फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅनडात ट्रकचालकांच्या आंदोलनाच्या वेळी पोलिसांनी क्रिप्टो पत्त्यांची यादी वित्तसंस्थांना देऊन त्यांच्याशी व्यवहार थांबवण्यास सांगितले होते. आंदोलन कोणाला पटो वा न पटो, उघड्या खातेवहीमुळे देणगीदाराचा माग किती लवकर निघतो ते त्यातून दिसले.

पण मला अधिक काळजी वाटते ती जवळच्या पाळतीची, आणि बैठकांमध्ये तिच्याबद्दल बोलताना लोकांचा आवाज खाली येतो. साखर कारखान्याच्या उचलीवर जगणाऱ्या घरातील मुलगा व्हिडिओतून चार पैसे मिळवू लागला आणि त्याची जमा मुकादमाच्या भाच्याला मोबाइलवर दिसली, तर पुढच्या हंगामाची बोलणी कशी होतील? वाटणीचा दावा चालू असलेल्या भाऊबंदांना हे आकडे हवेच असतात. टोपणनावाने कविता लिहिणाऱ्या मुलीने एकदाच मैत्रिणीला ओळखीच्या पत्त्यावर पैसे पाठवले, तर टोपणनावाचा पडदा घरातल्यांसमोर गळून पडतो. दिल्लीतल्या अधिकाऱ्याला हे तपासायला आदेश आणि कारण लागते. गावातल्या माणसाला फक्त चिकाटी लागते. लहान गावात माणसे एकमेकांना ओळखतात हे आपले बळ आहे, आणि याच बाबतीत ते आपले दुबळेपणही आहे.

यूपीआयपेक्षा हे वाईट आहे की चांगले?

दोन्हींची उघड होण्याची दिशा वेगळी आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर तुमची बँक, समोरच्याची बँक, ॲप आणि यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआय यांना व्यवहार दिसतो, पण शेजाऱ्याला दिसत नाही. उघड्या साखळीवर नाव कोणालाच दिसत नाही आणि व्यवहार सर्वांना दिसतो. मग प्रोफाइलमुळे नाव जोडले गेले की सर्वांना सर्व दिसते. ज्याला केवळ ओळखीच्यांकडून पैसे घ्यायचे आहेत आणि शेजाऱ्यांपासून ते झाकायचे आहेत, त्याला यूपीआय अधिक खासगी पडेल, हे मी क्रिप्टोच्या बैठकीतही स्पष्टपणे सांगतो.

एक्स्चेंजवर केवायसी केली की काय होते?

७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टोसारख्या आभासी डिजिटल मालमत्तेचे व्यवहार हाताळणाऱ्या संस्था मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणल्या गेल्या. त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते, ग्राहकाची ओळख पटवावी लागते, संशयास्पद व्यवहार कळवावे लागतात आणि नोंदी पाच वर्षे जपाव्या लागतात. नोंदणी न केलेल्या नऊ परदेशी एक्स्चेंजना डिसेंबर २०२३ मध्ये नोटिसा गेल्या होत्या. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी तपासासाठी लागणारी कागदपत्रे आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी मागवू शकतो. म्हणजे एक्स्चेंजमधून ज्या पत्त्यावर तुम्ही पैसे काढले, तो पत्ता तुमच्या पॅनशी जोडलेला आहे असेच धरून चालावे.

ही माहिती कंपनीकडेच राहील याची खात्री नसते. लेजर या हार्डवेअर वॉलेट विकणाऱ्या कंपनीच्या सुमारे २,७२,००० ग्राहकांची नावे, घरचे पत्ते आणि फोन क्रमांक २०२० मध्ये फुटले. क्रिप्टो कोणाकडे आहे आणि तो कुठे राहतो, हे दोन्ही एकाच यादीत आले.

एक्स्चेंज टाळून ओळखीच्या माणसाला सॅट विकले आणि यूपीआयने पैसे घेतले, तर खासगीपणा राहतो ना?

कृपया असे करू नका. निदान अनोळखी माणसाशी तर करूच नका. जालन्याच्या बैठकीत एका तरुणाने सांगितलेला अनुभव असा होता: महिनाभर जमलेले झॅप त्याने टेलिग्रामवरील एकाला विकले आणि खात्यावर ४,००० रुपये आले. आठ दिवसांनी एटीएममधून पैसे निघेनात. बँकेत विचारले तेव्हा कळले की दुसऱ्या राज्यातील फसवणुकीच्या एका तक्रारीत त्या पैशाचा माग त्याच्या खात्यापर्यंत आला होता आणि खात्यावर रोख लावली होती. सॅट विकत घेणाऱ्याने फसवणुकीचा पैसा त्याच्याकडे वळवला होता. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार आली की पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला ती खाती गोठवली जातात, आणि मधल्या निरपराध माणसाला आपली बाजू कागदोपत्री मांडत बसावे लागते. त्या तरुणाच्या वडिलांचे सोयाबीनचे पैसेही त्याच खात्यात होते आणि पेरणी तोंडावर होती. एक्स्चेंजला नाव द्यावे लागू नये म्हणून त्याने हा मार्ग धरला, आणि नाव परजिल्ह्याच्याही पलीकडच्या पोलिसांच्या कागदावर गेले.

खासगीपणा जपणे बेकायदेशीर आहे का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. क्रिप्टो बाळगण्यावर किंवा स्वीकारण्यावर आपल्याकडे बंदी नाही. बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा देण्यास मनाई करणारे रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०१८ चे परिपत्रकही सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरवले होते.

मात्र शेजाऱ्यापासून झाकणे आणि प्राप्तिकर खात्यापासून दडवणे या अगदी भिन्न गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ करणाऱ्यांमुळे प्रामाणिक माणसांचे नुकसान होते. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर ३० टक्के कर, शिवाय अधिभार आणि उपकर लागतो, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढच्या व्यवहारांवर १ टक्का टीडीएस कापला जातो. लिखाणाबद्दल मिळणारे झॅप हे उत्पन्नच आहे असे समजून मिळाल्या दिवशीचा रुपयातील भाव वहीत लिहून ठेवावा. नॉस्टरवर टोपणनाव आणि सीएच्या फाइलमध्ये खरे नाव, यात काहीच विसंगती नाही. तुमचे विवरणपत्र गावच्या चावडीवर लावले जात नाही.

मोनेरो, झीकॅश किंवा मिक्सर वापरावे का?

२०१४ मध्ये आलेल्या मोनेरोमध्ये पाठवणारा, घेणारा आणि रक्कम तिन्ही झाकलेले असतात. २०१६ मधील झीकॅशमध्ये ती सोय ऐच्छिक आहे. तंत्र म्हणून दोन्ही प्रामाणिक आहेत. अडचण ती रक्कम रुपयांत आणताना येते, कारण मोठी एक्स्चेंज अशी नाणी काढून टाकत आहेत. बायनान्स या एक्स्चेंजने फेब्रुवारी २०२४ मध्ये मोनेरो काढले. मिक्सरपासून, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र मिसळून माग पुसट करणाऱ्या सेवांपासून, सामान्य माणसाने लांब राहावे. टॉर्नेडो कॅश या मिक्सरवर अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये लावलेले निर्बंध मार्च २०२५ मध्ये उठले असले, तरी तेथून आलेल्या पैशाकडे एक्स्चेंज आजही संशयाने पाहते आणि तो संशय दूर करण्याची जबाबदारी तुमच्यावर येऊन पडते.

मग लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या साध्या माणसाने करायचे काय?

पहिले आणि सर्वांत उपयोगाचे: टीप घेण्याचे वॉलेट आणि बचतीचे वॉलेट यांत थेट व्यवहार कधीही होऊ देऊ नका, गॅसपुरताही नाही. टीपच्या वॉलेटमध्ये खिशात बाळगाल तेवढीच रक्कम ठेवा. प्रोफाइलवर बिटकॉइनचा कायमचा पत्ता चिकटवू नका. कायमचा पत्ता हवाच असेल तर बीआयपी ३५२ या बिटकॉइन सुधारणा प्रस्तावातील सायलेंट पेमेंटची सोय असलेले वॉलेट पाहा. त्यात जाहीर पत्ता एकच राहतो, पण प्रत्येक देणगी खातेवहीत वेगळ्याच पत्त्यावर जाते आणि त्या दोहोंचा संबंध बाहेरच्याला लावता येत नाही. असे पैसे शोधून काढण्याचे काम फोनला जड जाते, एवढी त्याची किंमत आहे.

छोट्या रकमांसाठी काशू नावाची पद्धत चांगली आहे. डेव्हिड चॉम यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेल्या आंधळ्या सहीवर ती उभी आहे. टाकसाळ चालवणारा टोकनवर सही करतो, पण कोणते टोकन कोणाला दिले होते हे ते परत आल्यावर त्याला ओळखता येत नाही. मूळ पैसा मात्र टाकसाळीच्या ताब्यात असतो आणि ती बुडाली तर तो गेला, म्हणून चहापाण्यापलीकडची रक्कम तेथे ठेवू नये.

संदेश लिहिताना गाव, शाळा, आजार, पीक यांचा उल्लेख टाळा, कारण बहुतेक वेळा ओळख रकमेतून फुटत नाही, शब्दांतून फुटते. मराठवाडी बोलीचा एखादा शब्दही पुरेसा असतो. संवेदनशील लेखनाला पैसे देताना अनामिक झॅप वापरा. न मागता आलेली काही सॅटची धूळ बचतीच्या शिलकीत मिसळू नका. पत्ते एकमेकांशी जोडले जावेत म्हणून ती मुद्दाम टाकलेली असू शकते.

माझा पत्ता आधीच प्रोफाइलवर होता. तो आता पुसता येईल का?

प्रोफाइलवरून काढता येईल, आणि आजच काढावा. नॉस्टरवर पोस्ट पुसण्याची विनंती पाठवता येते, पण ती मानायची की नाही हे प्रत्येक रिलेवर अवलंबून असते आणि जुनी प्रत कोणीतरी ठेवली असेल असेच समजावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याच्या अधिकाराची तरतूद आहे आणि ती लागू झाल्यावर तो एक्स्चेंजसारख्या कंपनीकडे मागता येतो, तेही दुसऱ्या कायद्याने नोंद जपणे बंधनकारक नसेल तेव्हाच. साखळीसमोर अर्ज घेऊन जायला कोणी बसलेलेच नसते.

म्हणून जुना पत्ता जाहीर झाला असे मानून त्याच्याशी वागावे. त्यावरची रक्कम नव्या वॉलेटमध्ये एकगठ्ठा हलवली तर नवे वॉलेटही जाहीर होते. त्यापेक्षा ती रक्कम नोंदणीकृत एक्स्चेंजवर विकून, कर भरून, बँकेत घ्यावी आणि टीपसाठी नव्या किल्लीने, नव्या वॉलेटने, नव्या लाइटनिंग पत्त्याने सुरुवात करावी. नव्या वॉलेटमध्ये पहिली रक्कम तुमच्या जुन्या पैशांतून टाकू नका. ती वाचकांच्या झॅपमधूनच येऊ द्या. अंबाजोगाईच्या त्या तरुणाने असेच केले. नव्या पत्त्यावर पहिले सॅट यायला त्याला अकरा दिवस थांबावे लागले आणि तेवढे दिवस त्याने जुन्या वॉलेटला हात लावला नाही.